शस्त्रवैद्यकांतील पंक्तिप्रपंच

पंगतीला बसलेल्यांपैकीं कांहींच्या पानांत तूप वाढावयाचें व कांहींना कोरड्या भातावर उठवावयाचें, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात; आणि असा प्रपंच करणाऱ्या यजमानाला लोक वर्षानुवर्षें नांवें ठेवतात. लग्नाच्या मांडवांत जो प्रकार आपण निंद्य मानतों तोच शस्त्रवैद्यकांत राजरोस चालला आहे. पण तेथें त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. उलट त्याला ‘प्रगति’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. मी स्वतः शस्त्रवैद्य आहें. तेव्हां पुढील टीका म्हणजे बाहेरच्या माणसानें परक्याच्या घरावर टाकलेले दगड नव्हेत. ज्या घराचें मीठ मी खातों त्या घराच्या कारभाराविषयींची ती तक्रार आहे.

तक्रार थोडक्यांत अशी. शस्त्रक्रियेचा लाभ गरिबाला मिळत नाहीं, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे व तिच्याविषयीं अधूनमधून हळहळण्याची चालहि आहे. परंतु शस्त्रक्रियेविषयींचें संशोधनसुद्धां गरिबाला वगळून चालतें, आणि लाभांतील विषमतेचें एक मोठें मूळ या संशोधनांतील विषमतेंत आहे, हें फारसें कोणी बोलत नाहीं. कोणत्या रोगावर काय करावें हें सांगणारें शास्त्र जर एका वर्गाच्या सोयीनें प्रश्न विचारीत असेल, तर त्याचीं उत्तरेंहि त्याच वर्गाच्या उपयोगीं पडणार. आणि मग दुसऱ्या वर्गाला तीं उत्तरें परवडत नाहींत म्हणून गळा काढण्यांत काय हशील आहे?

आधीं लाभांतील विषमतेचे आंकडे पाहूं. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणानें कोणीहि वैद्यकीय मदतीवांचून राहूं नये, हें त्यांतील एक मूलभूत तत्त्व होतें. त्या गोष्टीला आतां पाऊणशें वर्षें होऊन गेलीं. ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगानें २०१५ सालीं हिशेब मांडला, तेव्हां असें दिसून आलें कीं, सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया आणि भूल ज्यांना वेळेवर मिळूं शकत नाहीं अशीं माणसें जगांत ५०० कोटि आहेत. जगांत दरसाल सुमारें ३१ कोटि ३० लाख शस्त्रक्रिया होतात. पण जगाची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या ज्या सर्वांत गरीब देशांत राहते तेथें त्यांपैकीं शेंकडा ६ च होतात. आणखी १४ कोटि ३० लाख शस्त्रक्रिया दरसाल व्हावयास हव्या आहेत, आणि त्या होत नाहींत. ‘होत नाहींत’ या दोन शब्दांचा अर्थ असा कीं, बाळ आडवें आलेली बाई गाडींत मरते, आंतडें फुटलेला तरुण तिसऱ्या दिवशीं तालुक्याला पोंचतो, आणि हाड मोडून बाहेर आलेला मजूर पाय गमावून घरीं परत येतो.

आपल्या देशांत परिस्थिति वेगळी आहे असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं सरकारचेच कागद पाहावेत. महाराष्ट्रांत ज्याला आपण ग्रामीण रुग्णालय म्हणतों त्या जातीच्या तीस खाटांच्या केंद्रांत एक शस्त्रवैद्य, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ व एक फिजिशियन असावा असा दंडक आहे. केंद्र सरकारच्या २०२१–२२ च्या ग्रामीण आरोग्य आंकडेवारीप्रमाणें देशभर या केंद्रांना जितके शस्त्रवैद्य हवेत त्यांपैकीं शेंकडा ८३ कमी होते. इमारत आहे, फलक आहे, कोठें कोठें शस्त्रक्रियेचें टेबलहि आहे. फक्त सुरी धरणारा हात नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर सामान्यतः असे लेख सरकारला चार शब्द सुनावून संपतात. मला तेथें थांबावयाचें नाहीं. सरकारचा दोष आहेच. पण आम्हां शस्त्रवैद्यांनीं ज्ञानाच्या क्षेत्रांत जें केलें आहे, किंवा करावयाचें टाळलें आहे, त्याचा जाब सरकारला विचारतां यावयाचा नाहीं.

उदाहरणादाखल हर्नियाच घ्या. जांघेंतील स्नायूंची भिंत कमकुवत होऊन तेथून आंतडें बाहेर डोकावूं लागतें, त्याला आपले जुने लोक अंतर्गळ म्हणत. हा रोग राजालाहि होतो आणि रंकालाहि. पण त्याचा फटका दोघांना सारखा बसत नाहीं. कचेरींत बसणाऱ्याला तो उपद्रव आहे. हमालाला, ऊंसतोड मजुराला, विहीर खणणाऱ्याला तो पोटावरचा पाय आहे. ओझें उचलतां येत नाहीं, म्हणून मजुरी बुडते. मजुरी बुडते, म्हणून शस्त्रक्रिया लांबते. लांबतां लांबतां एके दिवशीं आंतडें त्या फटींत अडकून कोंडतें, आणि जें काम पाऊण तासांत झालें असतें त्याच्यासाठीं जीव पणाला लागतो. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या रोगावर एक चांगला उपाय रूढ झाला आहे. कमकुवत भिंतीवर कृत्रिम धाग्याची विणलेली बारीक जाळी बसवून टांके घालावयाचे, म्हणजे हर्निया पुन्हा उद्भवण्याचें भय पुष्कळच कमी होतें. पण ही जाळी कारखान्यांतून निर्जंतुक पाकिटांत येते आणि तिची किंमत गरीब देशांतल्या मजुराच्या आंवाक्याबाहेर असते.

आतां या एका रोगाविषयीं शास्त्रानें कोणते प्रश्न विचारले ते पाहा. श्रीमंत देशांतील प्रश्न असा: ही शस्त्रक्रिया दुर्बिणीनें करावी कीं यंत्रमानवाच्या हातांनीं? २०२० सालीं अमेरिकेंत १०२ रोग्यांवर केलेली अशी चाचणी प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा निघाला कीं, यंत्रमानवामुळें रोग्याला कांहीं अधिक लाभ झाला नाहीं, खर्च मात्र वाढला आणि शस्त्रवैद्यांचा वैतागहि वाढला. चाचणी करणाऱ्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांनीं प्रामाणिकपणें प्रश्न विचारला आणि प्रामाणिकपणें उत्तर छापलें. पण ज्या यंत्राचा लाभ सिद्ध झाला नाहीं तें यंत्र शहरांतील रुग्णालयांच्या जाहिरातींतून मात्र खालीं उतरलें नाहीं. आमच्या तरुण शस्त्रवैद्यांना तें चालवितां येणें हीच विद्वत्तेची खूण वाटूं लागली आहे.

दुसरा प्रश्न धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा या गांवीं विचारला गेला. डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें पाहिलें कीं, कारखान्यांतील जाळी आणि बाजारांत मिळणाऱ्या कांहीं मच्छरदाण्यांचें कापड हीं दोन्ही जवळजवळ एकाच जातीच्या द्रव्याचीं असतात. मग तेंच कापड कापून, धुवून, निर्जंतुक करून वापरलें तर काय होईल? त्यांनीं तसें केलें, अनेक केंद्रांतून रोग्यांवर नजर ठेवली आणि २००३ सालीं भारतीय शस्त्रवैद्यांच्या नियतकालिकांत आपला अनुभव प्रसिद्ध केला. अनुभव चांगला होता. पण मोठ्या शहरांतील आमच्या व्यवसायबंधूंनीं त्याचें स्वागत कसें केलें? बहुतेकांनीं स्मित केलें. मच्छरदाणी! एवढा एक शब्द ऐकून ज्यांचें कुतूहल जागें व्हावयाचें त्यांचा विनोद जागा झाला.

ज्यांचें कुतूहल जागें झालें ते परदेशांत होते. पूर्व यूगांडांतील दोन रुग्णालयांत ३०२ पुरुषांवर एक चाचणी करण्यांत आली. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी बसविली आणि निम्म्यांना कारखान्याची. वर्षभरानें पाहिलें तों, पहिल्या गटांत फक्त एकाचा हर्निया पुन्हा उद्भवला होता आणि दुसऱ्यांत एकाचाहि नव्हता. शस्त्रक्रियेनंतरचे लहानमोठे उपद्रव एकांत शेंकडा ३०.८ आणि दुसऱ्यांत शेंकडा २९.७, म्हणजे जवळजवळ सारखेच. एका जाळीची किंमत सुमारें एक डॉलर, दुसरीची सुमारें सव्वाशें. २०१६ च्या जानेवारींत हा निबंध अमेरिकेंतील अग्रगण्य वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला, आणि जें दोंडाईच्याला हास्यास्पद होतें तें रातोरात शास्त्र झालें.

हा एकच प्रसंग असता तर योगायोग म्हणून सोडून देतां आला असता. पण हर्नियाच्याच बाबतींत दुसरेंहि उदाहरण आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनीं जाळी मुळींच न वापरतां रोग्याच्या स्वतःच्याच स्नायुपटलाची एक पट्टी भिंतीवर शिवण्याची पद्धति २००१ सालीं प्रसिद्ध केली. तिची सुप्रसिद्ध चाचणी झाली पोलंडमध्यें. २०८ पुरुषांना तीन वर्षें तपासून २०१२ सालीं तेथील संशोधकांनीं सांगितलें कीं, जाळीच्या पद्धतींत जितक्यांना रोग पुन्हा झाला तितक्यांनाच, म्हणजे दोघांना, या पद्धतींतहि झाला. कल्पना खानदेशची आणि पुण्याची. तिला जगाच्या दरबारीं मान मिळवून देणारा पुरावा यूगांडाचा आणि पोलंडचा! ज्या महाराष्ट्रांत इतकीं वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, जेथें हर्नियाचे रोगी बाहेरच्या ओसरीवर रांग लावून बसलेले असतात, तेथें या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्याची घाई कोणाला झाली नाहीं.

हें आजचेंच आहे असेंहि नाहीं. टिपूच्या लोकांनीं नाक व हात कापलेल्या कावसजी नांवाच्या बैलहांक्याचें नाक पुण्याजवळच्या एका कारागिरानें कपाळाची कातडी वळवून पुन्हा बसविलें. कंपनी सरकारच्या डॉक्टरांनीं ही क्रिया समक्ष पाहिली. तिचें वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका मासिकांत आलें. तें वाचून कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं तीच क्रिया केली आणि १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. कार्प्यूचें नांव इतिहासांत आहे. पुण्याच्या त्या माणसाविषयीं इतकेंच नमूद आहे कीं, तो विटा भाजणाऱ्यांच्या जातीचा होता. आपण या कथेचा उपयोग पूर्वजांच्या गौरवासाठीं करतों. मला तिच्यांतून दुसरेंच कांहींतरी ऐकूं येतें. जो करतो त्यानें लिहावयाचें नाहीं, आणि जो लिहितो त्याचेंच तें ज्ञान, ही वाटणी कार्प्यूनें केलेली नाहीं. आपल्या समाजानें ती फार पूर्वींच करून ठेवली होती. कारागिराला आपण लिहूं दिलें नाहीं, आणि आज तालुक्याच्या शस्त्रवैद्यालाहि आपण कारागीरच समजतों.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणें योग्य होणार नाहीं. आक्षेप असा: “श्रीमंताला कारखान्याची जाळी आणि गरिबाला मच्छरदाणी, हाच खरा पंक्तिप्रपंच नव्हे काय? तुम्ही गरिबांसाठीं दुय्यम शस्त्रक्रियेची तरफदारी करीत आहां.” हा आक्षेप घेणारे सगळेच लबाड नसतात, पुष्कळांच्या मनांत खरोखरच समतेची चाड असते. त्यांना माझें उत्तर असें. दुय्यम काय आणि समतोल काय हें वस्तूच्या किंमतीवरून ठरत नाहीं, परिणामावरून ठरतें. आणि परिणाम चाचणीवांचून कळत नाहीं. म्हणूनच मी स्वस्त जाळीची वकिली करीत नाहीं, स्वस्त जाळीच्या चाचणीची करतों. प्रत्येक मच्छरदाणी चालेल असेंहि कोणी समजूं नये. तिचें द्रव्य कोणतें आहे, तिच्यावर कीटकनाशक लावलेलें आहे काय, वाफेच्या उष्णतेनें ती वितळते कीं टिकते, हें सर्व तपासावें लागतें. न तपासतां जो ती बसवील तो गुन्हेगारच होय. परंतु तपासून, चाचणी करून, वर्षभर रोग्याच्या मागें फिरून जी वस्तु सारखीच ठरली, तिला केवळ ती स्वस्त आहे म्हणून दुय्यम म्हणणें ही समतेची चाड नव्हे. तो पैशाचा अहंकार आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें १९९२ सालीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत बसवावयाचीं भिंगें स्वतः तयार करावयास आरंभ केला, तेव्हां हेंच बोललें गेलें होतें. परदेशी भिंगाच्या किंमतीच्या एका लहानशा अंशांत तीं मिळूं लागलीं, आणि पुढें अनेक देशांना निर्यात झालीं. आज त्या भिंगांतून पाहणारा माणूस दुय्यम पाहतो असें म्हणण्याचें धैर्य कोणाला आहे?

तीच गोष्ट सुरी कोणी धरावी या वादाची. सियेरा लिओन या पश्चिम आफ्रिकेंतील देशांत शस्त्रवैद्यांचा दुष्काळ आहे. म्हणून डॉक्टर नसलेल्या सहायकांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेचें शिक्षण देण्यांत आलें आणि त्यांची तुलना तेथील सामान्य डॉक्टरांशीं करण्यांत आली. २३० रोग्यांवरील ही चाचणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. वर्षभरानें डॉक्टरांच्या रोग्यांपैकीं शेंकडा ६.९ जणांचा हर्निया पुन्हा उद्भवला, आणि सहायकांच्या रोग्यांपैकीं शेंकडा ०.९ जणांचा. यावरून डॉक्टर निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणें वेडेपणाचें होईल. नीट शिकविलेला, तेंच काम रोज करणारा हात कमी पडत नाहीं एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशांत एम. बी. बी. एस. डॉक्टरांना अठरा आठवडे भूल देण्याचें शिक्षण देऊन अडलेल्या बाळंतिणीसाठीं तयार करण्याची योजना आहे. ती चांगली कीं वाईट, यावर व्यासपीठावर मारामारी होते. रोग्यांचें पुढें काय झालें याची शिस्तवार मोजदाद करून वाद मिटवावा, असें म्हणणारा मात्र विरळा.

प्रश्न न विचारतां केलेल्या नियमाचें फळ काय असतें, हें पाहावयाचें असेल तर रक्ताच्या कायद्याकडे पाहावें. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा बंद व्हावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९९६ च्या जानेवारींत दिला आणि १९९८ च्या आरंभापासून ती बंदी अमलांत आली. निकाल योग्यच होता. दूषित रक्तानें रोग पसरत होते. पण त्याच सुमारास रक्तपेढ्यांचे परवाने व नियम जे कडक झाले त्यांत एक गोष्ट चिरडली गेली. खेड्यांतल्या लहान रुग्णालयांत रक्तस्राव होणारी बाई आली कीं, डॉक्टर तिच्या भावाचें किंवा शेजाऱ्याचें रक्त तपासून, गट जुळवून, तेथल्या तेथें तिला देत. हें आतां बेकायदेशीर ठरलें. रक्त परवाना असलेल्या पेढीतूनच आलें पाहिजे. आणि पेढी असते जिल्ह्याला, साठसत्तर मैलांवर. ग्रामीण शस्त्रवैद्यांनीं सांगून पाहिलें कीं, एच. आय. व्ही., कावीळ, गरमी व हिवताप यांची तपासणी मिनिटांत करणाऱ्या चाचण्या आतां उपलब्ध आहेत, त्या करून रक्त देऊं द्या. २००१ च्या अखेरीस सरकारनें ग्रामीण रुग्णालयांना पेढीचें रक्त आणून साठविण्याची मुभा दिली. थेट रक्त देण्याची दिली नाहीं.

आतां यांतील मौज पाहा. त्याच नियमावलींत सरहद्दीवरील सैनिकी रुग्णालयांना सूट आहे. तेथें रक्त काढून तेथेंच देतां येतें, कारण पेढीची वाट पाहण्यांत जवानाचा जीव जाईल. जवानाचा जीव वांचविलाच पाहिजे. त्याविषयीं वाद नाहीं. पण बाळंतीण ज्या लढाईवर गेलेली असते तिची सरहद्द कोणती? तिच्यासाठीं पेढी सत्तर मैलांवर आहे ही अडचण शास्त्राला दिसत नाहीं, आणि जवानासाठीं दिसते, हें कोणत्या शास्त्रांत बसतें? येथेंहि मी असें म्हणत नाहीं कीं, थेट रक्त देणें निर्धोक आहे. नव्यानें जडलेला रोग तपासणींत न दिसण्याचा धोका राहतोच. माझें म्हणणें एवढेंच कीं, त्या धोक्याच्या बाजूला रक्तावांचून मरण्याचा धोका तराजूंत घालून दोन्ही मोजले पाहिजेत. नियम करणाऱ्यांनीं एकच पारडें मोजलें, कारण दुसऱ्या पारड्यांत बसलेलीं माणसें त्यांच्या नोंदींत नव्हतीं. जी बाई रुग्णालयाच्या वाटेवर मेली ती शस्त्रक्रियेनंतर मेलेल्यांच्या कोष्टकांत येत नाहीं. शहरांतील सुरक्षिततेचे आंकडे निर्मळ राहतात, कारण खेड्यांतील मरणें त्यांत धरलेलींच नसतात.

कोणी म्हणेल, आतां विमा आला, आतां हा प्रश्न सुटला. २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान जन आरोग्य योजनेनें गरीब कुटुंबाला वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देऊं केले, आणि महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवाची योजना आहेच. या योजनांनीं कित्येकांचे प्राण व घरें वांचविलीं आहेत. त्यांची टवाळी करणाऱ्यांत मी नाहीं. पण विम्याचा कागद शस्त्रवैद्य निर्माण करीत नाहीं. तो असेल तेथें रोग्याला पाठवितो. वर सांगितलेल्या आयोगाचा दुसरा हिशेब असा कीं, शस्त्रक्रियेच्या बिलामुळें जगांत दरसाल ३ कोटि ३० लाख माणसें आर्थिक संकटांत सांपडतात. आणि प्रवास, मुक्काम, जेवणखाण अशा वैद्यकाबाहेरच्या खर्चामुळें आणखी ४ कोटि ८० लाख! म्हणजे बिल माफ झालें तरी अर्ध्याहून अधिक संकट तसेंच राहतें. यावर तोडगा एकच: शस्त्रक्रिया माणसाजवळ नेणें. आणि ती जवळ न्यावयाची तर तेथल्या विजेंत, तेथल्या पाण्यांत, तेथल्या माणसांच्या हातून ती सुरक्षितपणें कशी होईल याचें ज्ञान पाहिजे. तें ज्ञान शहरांतल्या यंत्रमानवाच्या निबंधांत मिळणार नाहीं.

“पण तालुक्याला, जिल्ह्याला संशोधन कसलें होणार? तेथें नोंदवह्या धड नसतात,” हा आमच्या प्राध्यापकवर्गाचा आवडता सिद्धांत. तो खोटा ठरला आहे. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, मेक्सिको व दक्षिण आफ्रिका या सात देशांतील रुग्णालयांनीं मिळून दोन मोठ्या चाचण्या पुऱ्या केल्या. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिलींत ५,७८८ रोगी होते. पोटाची जखम पिकूं नये म्हणून महागडें जंतुनाशक व औषध लावलेला महागडा दोरा वापरल्यानें नेहमींच्या आयोडिनापेक्षां व साध्या दोऱ्यापेक्षां कांहीं अधिक लाभ होतो काय, हा प्रश्न होता. उत्तर आलें: नाहीं. दुसरी २०२२ सालची, ८१ रुग्णालयांतील १३,३०१ रोग्यांवरची. पोट शिवण्यापूर्वीं सर्वांनीं हातमोजे बदलावे आणि ताजीं हत्यारें घ्यावीं, एवढाच उपाय. जखम पिकण्याचें प्रमाण शेंकडा १८.९ वरून १६.० वर आलें. ज्यांना हा फरक क्षुल्लक वाटेल त्यांनीं जखम पिकलेल्या मजुराच्या घरीं महिनाभर चूल कशी पेटते तें विचारावें. एका चाचणीनें गरीब रुग्णालयांचा व्यर्थ खर्च वांचविला, दुसरीनें हातमोज्यांच्या जोडीनें माणसें वांचविलीं; आणि दोन्ही चाचण्या अशा ठिकाणीं झाल्या, जेथें संशोधन होऊंच शकत नाहीं असें आम्ही वर्गांत शिकवीत आलों.

तेव्हां करावयाचें काय? पहिली गोष्ट, शस्त्रवैद्यकाच्या संशोधनाला जो सार्वजनिक पैसा मिळतो त्याचा ठरावीक हिस्सा जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतून निघालेल्या प्रश्नांसाठींच राखून ठेवला पाहिजे. दुसरी, प्रश्न ज्याचा त्याचें नांव निबंधावर पहिलें आलें पाहिजे. खेड्यांतल्या डॉक्टरानें रोगी पुरवावयाचे आणि शहरांतल्यानें कीर्ति घ्यावयाची, ही कार्प्यूच्या काळची वाटणी बंद झाली पाहिजे. तिसरी, पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. हे हजारों प्रबंध दरसाल ग्रंथालयांतल्या कपाटांत धूळ खात पडतात. त्यांतले अर्धे जरी ग्रामीण रुग्णालयांतील जखमांवर, भुलेवर, रक्तावर झाले तरी दहा वर्षांत आपल्याकडे आपल्या मातीचें शास्त्र उभें राहील. चौथी, सुरक्षिततेच्या नांवानें जो नियम होईल त्याच्याबरोबर त्या नियमामुळें कोणाला उपचार मिळेनासे झाले याची मोजदाद करण्याची सक्तिहि झाली पाहिजे.

यांपैकीं एकहि गोष्ट शस्त्रवैद्य आपण होऊन करणार नाहींत, हें मी माझ्या धंद्याला ओळखून लिहीत आहें. त्याला समाजाचा दाब लागतो; आणि येथें या मासिकाच्या वाचकांशीं मला दोन स्पष्ट शब्द बोलावयाचे आहेत. धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त आपल्यांतूनच निवडले जातात. देणगीची पाटी कोणत्या यंत्रावर लावावयाची हें आपण ठरवितों. मुलगा सर्जन झाला म्हणजे तो कोणत्या शहरांत स्थायिक होणार याची चौकशी आपणच करतों, आणि तो तालुक्याला गेला तर “कांहीं जमलें नाहीं वाटतें” असें आपल्याच घरांत म्हटलें जातें. आपल्या ओटीपोटावर चार भोंकांऐवजीं तीन भोंकें पडलीं याचें आपल्याला कौतुक. आपल्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईचा नवरा हर्निया दाबून धरून वाळूच्या पाट्या उचलतो, हें आपल्या कानांवर येत नाहीं असें नाहीं. ज्या विश्वस्तमंडळांत आपण बसतां तेथें पुढच्या सभेंत एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीं आपल्या रुग्णालयानें गरिबांच्या कोणत्या रोगाविषयीं कोणती नवी गोष्ट शोधून काढली? उत्तर बहुधा मिळणार नाहीं. तरीहि तो प्रश्न वृत्तांतांत लिहून घ्या, आणि त्याच्या पुढच्या सभेंत पुन्हा विचारा.